कपाटं नंतर, मिनिटं आधी : संग्रहालयातलं शैक्षणिक प्रदर्शन सॉफ्टवेअरवर कसं आखावं

धान्य मोजायची पितळेची एक पायली, दोन शेर, तीन-चार मापटी, कडा झिजलेली लाकडी अधोली, एक तागडी, वजनांची पेटी आणि बाजारभाव लिहिलेले दोन जीर्ण कागद. तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयाने एवढा ऐवज माझ्यापुढे ठेवला आणि सांगितलं, "शाळांसाठी प्रदर्शन करायचंय. तुम्ही ते कॉम्प्युटरवर धडे बनवता ना, तसं काहीतरी करून द्या."

मी डिजिटल धडे आखायचं काम करते. संग्रहालयाशी संबंध पाहुणी म्हणून, तेवढाच. पहिल्या बैठकीत कळलं की कपाटं कुठे ठेवायची, पडदे कुठल्या रंगाचे, फीत कोण कापणार, सगळं ठरलंय. फक्त मुलं आत येऊन काय करतील हे कुणी ठरवलेलं नव्हतं. "बघतील की!" असं उत्तर मिळालं.

त्या "बघतील की"च्या जागी काहीतरी नेमकं लिहायला लावणं, हेच या सॉफ्टवेअरचं खरं काम. प्रदर्शन ते करून देत नाही. पुढे जे लिहिलंय ते पहिल्यांदाच असं काम हाती घेणाऱ्यांसाठी आहे: शिक्षक, संग्रहालयातले सहायक, गावचा इतिहास गोळा करणारी मंडळी. उदाहरण मापांचंच ठेवते, कारण त्यात मी चुका करून बसले आहे.

आधी हत्यारं

इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणजे शिकण्याची आखणी. शिकणारा कोण, त्याला शेवटी काय करता आलं पाहिजे, त्यासाठी तो कोणत्या क्रमाने काय करेल आणि ते जमलं की नाही हे कसं ओळखायचं, हे चार प्रश्न. त्यासाठीची सॉफ्टवेअर दोन जातींची असतात. एक, आराखडा करायची. दोन, प्रत्यक्ष धडा बांधायची. नवखा माणूस थेट दुसऱ्या जातीवर उडी मारतो, कारण तिथे रंगीत बटणं असतात. आर्टिक्युलेट स्टोरीलाइन, ॲडोबी कॅप्टिव्हेट ही त्यातली मोठी नावं. कंपन्यांच्या प्रशिक्षणासाठी ती उत्तम, पण छोट्या संग्रहालयाने पहिल्याच प्रदर्शनासाठी त्यांच्या नादी लागू नये असं माझं मत आहे. पैसे तर जातातच, शिवाय सगळं लक्ष पडद्याकडे जातं आणि वस्तू बाजूला पडते.

आम्ही वापरलं ते सगळं फुकट होतं. आराखड्यासाठी 'लर्निंग डिझायनर', लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डायना लॉरिलार्ड यांच्या पुढाकाराने तयार झालेलं, ब्राउझरमध्ये चालणारं. वस्तूंच्या तक्त्यासाठी लिबरऑफिस कॅल्क. दालनाच्या नकाशासाठी डायग्राम्स डॉट नेट, आणि नकाशात उभं राहून बघायचं असेल तर स्वीट होम थ्रीडी. छोट्या खेळांसाठी एचफाइव्हपी, जे 'लुमी' नावाच्या ॲपमधून इंटरनेटशिवाय बनवता येतं.

एक घोळ सुरुवातीलाच मिटवते. संग्रहाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वेगळं. पुण्याच्या सी-डॅकने बनवलेलं 'जतन' त्या प्रकारचं आहे : वस्तूचा नोंदणी क्रमांक, धातू, मापं, छायाचित्र, कुठून आली. तिथून माहिती घ्यायची, पण आराखडा तिथे करायचा नाही. नोंदवही वस्तूभोवती फिरते, आराखडा माणसाभोवती.

पहिली पायरी : एक वाक्य

कुठलंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक वाक्य लिहा. पूर्ण वाक्य, क्रियापदासकट. "महाराष्ट्रातील पारंपरिक मापे" हे शीर्षक झालं, वाक्य नाही. आमचं वाक्य तिसऱ्या बैठकीत सापडलं : "शेर हे नाव सगळीकडे एकच होतं, पण शेर गावोगावी वेगळा होता, म्हणून देशाला एक माप ठरवावं लागलं."

याने काय झालं? निम्म्या वस्तू आपोआप बाहेर गेल्या. संग्रहात एक सुंदर अत्तरदाणी होती, विश्वस्तांच्या घराण्यातली. ती वाक्यात कुठेच बसेना. सरळ नाही म्हणायला जड जातं, पण वाक्याकडे बोट दाखवून नाही म्हणता येतं. (अत्तरदाणी शेवटी प्रवेशदारापाशी वेगळ्या कपाटात गेली. काही लढाया अर्ध्यावर सोडाव्यात.)

आणि वाक्याला पुढचा इतिहासही चिकटला. वजनमापांचा कायदा १९५६ चा. १ एप्रिल १९५७ ला रुपया सोळा आण्यांचा होता तो शंभर नव्या पैशांचा झाला. किलो-लिटर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि १९६२ पर्यंत देशभर सक्तीचे झाले. म्हणजे मधली काही वर्षं बाजारात शेर आणि किलो एकत्र नांदत होते. प्रदर्शनाचा सगळ्यात रंगतदार भाग तिथे आहे, हे वाक्य लिहिल्याशिवाय आमच्या लक्षात आलं नसतं.

दुसरी पायरी : क्रियापदं

लर्निंग डिझायनरमध्ये नवा आराखडा उघडला की वर शीर्षक, गटात किती जण, एकूण वेळ आणि उद्दिष्टांची जागा असते. उद्दिष्ट लिहिताना क्रियापदांची यादी खाली उघडते. ती बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६ च्या वर्गवारीवर उभी आहे : आठवणं, समजणं, वापरणं, फोड करणं, जोडून नवं घडवणं, पारखणं, अशा पायऱ्या. यादी इंग्रजीत आहे, पण चौकटीत मराठी बिनधास्त टाइप करा.

इथे हात आपोआप "ओळख होईल", "जाणीव निर्माण होईल", "गोडी लागेल" असं लिहायला लागतो. आपल्या अहवालांची भाषा अंगात भिनलेली असते. स्वतःला एकच अट घाला : दालनाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे. जाणीव दिसत नाही. "दोन गावांचे शेर हातात घेऊन, कोणत्या शेराने विकलं तर दुकानदाराचा फायदा, हे मूल कारणासह सांगेल" हे दिसतं, आणि ऐकूही येतं.

तीन उद्दिष्टं पुरेत. आमची पहिली यादी अकराची होती. शिक्षकांना अकरा आवडली, कारण अभ्यासक्रमातले मुद्दे भराभर सुटत होते. मुलांना अकरा गोष्टी चाळीस मिनिटांत करता येत नाहीत, एवढं साधं आहे.

तिसरी पायरी : मिनिटांचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

लर्निंग डिझायनर शिकण्याचे सहा प्रकार मानतं : वाचणं-बघणं-ऐकणं, शोध घेणं, चर्चा, सराव, मिळून करणं आणि काहीतरी तयार करणं. प्रत्येक कृतीला एक चौकट. तीत प्रकार निवडायचा, मिनिटं टाकायची, गटात किती जण आणि मार्गदर्शक हजर आहे का हे भरायचं. बाजूला गोल आलेख असतो आणि तुम्ही आकडे टाकाल तसा तो बदलत जातो. शिवाय तुम्ही ठरवलेला वेळ आणि प्रत्यक्ष भरलेला वेळ शेजारी-शेजारी दिसतात.

मी प्रदर्शनाची मूळ कल्पना जशीच्या तशी भरली. प्रवेशाचा फलक, मार्गदर्शकाचं स्वागत, आठ कपाटं, पाच मिनिटांची चित्रफीत, शेवटी प्रश्नमंजूषा. एकूण ४२ मिनिटं झाली. त्यातली ३१ वाचणं-बघणं-ऐकणं. आलेखाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग एकाच रंगाचा. मी लॅपटॉप फिरवून टेबलावर सगळ्यांना दाखवला. बैठकीत तासभर बोलून जे पटवता आलं नसतं ते त्या एका रंगाने पटलं. अभिरक्षक म्हणाले, "हे तर व्याख्यान झालं. उभ्याने ऐकायचं."

मग कृती बदलल्या. दुसरा आराखडा ४० मिनिटांचा झाला : वाचणं-बघणं-ऐकणं १२, शोध १०, सराव ८, चर्चा ६, आणि शेवटची ४ मिनिटं काहीतरी तयार करायला. 'मिळून करणं' वेगळं ठेवलं नाही, कारण माप भरताना एक धरतो आणि एक ओततो, ते होतंच.

एक कृती जवळून दाखवते. टेबलावर पायलीची प्रतिकृती आणि एक चिपटं. मुलांनी आधी अंदाज लिहायचा : पायलीत किती चिपटी मावतील? बहुतेक जण सहा-सात म्हणतात. मग भरून मोजायचं. चिपट्याची दुप्पट मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, म्हणजे सोळा चिपटी. चिपट्याच्या खालीही कोळवं आणि निळवं, तिथेही निम्मं-निम्मं. शाळेत काही न शिकलेला माणूससुद्धा ही मापं चालवू शकायचा, कारण फक्त दुप्पट आणि निम्मं एवढंच कळावं लागतं. हे फलकावर लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं. सोळावं चिपटं ओतताना ते मुलांना आपोआप सापडतं. आणि मोजायची रीत आमच्या मदतनीस मावशींनी शिकवली : पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं. लाभ, दोन, तीन... ही ओळ कुठल्याच पुस्तकातून आराखड्यात आली नव्हती.

आता इशारा. सॉफ्टवेअर वर्गासाठी बनलंय. वर्गातलं मूल बाकावर बसलेलं असतं आणि तास संपेपर्यंत उठून जाऊ शकत नाही. संग्रहालयात पाहुणा उभा असतो, त्याच्या हातात पिशवी असते, कडेवर मूल असतं, आणि दार उघडं असतं. अमेरिकेत बेव्हर्ली सेरेल यांनी शंभराहून अधिक प्रदर्शनांत लोकांचा वेळ मोजला तेव्हा बहुतेक लोक वीस मिनिटांच्या आतच बाहेर पडताना दिसले, प्रदर्शन छोटं असो की मोठं. म्हणून दोन आराखडे करा. एक शाळेच्या गटासाठी, चाळीस मिनिटांचा. दुसरा रविवारी सहज डोकावणाऱ्या कुटुंबासाठी, पंधरा मिनिटांचा, ज्यात कुठलीही कृती आधीच्या कृतीवर अवलंबून नाही. दुसरा आराखडा करताना घाम फुटतो, पण दालन खरं तिथेच सुधारतं.

चौथी पायरी : वस्तूंचा तक्ता

कॅल्कमध्ये एक पान. रकाने थोडेच ठेवा : नोंदणी क्रमांक, वस्तू, कोणत्या उद्दिष्टासाठी, पाहुणा तिथे काय करेल, किती सेकंद, स्पर्श चालेल की नाही, मजकूर, आणि जपणुकीच्या अटी. "कोणत्या उद्दिष्टासाठी" हा रकाना ज्या ओळीत रिकामा राहतो ती वस्तू परत भांडारात जाते.

शेवटचा रकाना मी सुरुवातीला ठेवलाच नव्हता. मग जपणूक बघणाऱ्या बाईंनी विचारलं, "ते बाजारभावाचे कागद किती उजेडात ठेवणार?" जुन्या कागदाला आणि कापडाला साधारण ५० लक्स एवढाच प्रकाश मानवतो. मी त्यांच्यावर झोत टाकायचं ठरवलं होतं, चित्रात छान दिसत होतं म्हणून. शेवटी मूळ कागद मंद उजेडात काही आठवडेच आणि एरवी त्यांची छापील प्रत, असा मार्ग निघाला.

मजकुराचा रकाना हा तक्त्याचा जीव. आधीचं लेबल असं होतं :

"पायली. धान्य मोजण्याचे पारंपरिक साधन. धातू : पितळ. भेट : स्थानिक व्यापारी कुटुंब."

नंतरचं असं :

"हिच्यात चार शेर जोंधळा मावतो. पण कुठल्या गावचा शेर? डावीकडचे दोन शेर शेजारी धरून बघा."

पहिल्यातली माहिती चुकीची नाही. ती खाली बारीक अक्षरांत ठेवलीच आहे. पण दुसरं लेबल वाचून माणूस मान वळवतो. लेबल वाचल्यावर डोळे वस्तूकडे जात नसतील तर ते लेबल अजून कच्चं आहे. इंग्रजी मार्गदर्शकांत शब्दांची मर्यादा दिलेली असते. ती मराठीला तशीच लावू नका. आपल्याकडे "दुकानदारांकडूनच" हा एक शब्द आहे. मोजायचंच तर सेकंद मोजा : उभ्याने, मोठ्याने, घाई न करता वाचा, वीस सेकंदांच्या वर गेलं की कापा.

पाचवी पायरी : सरळ रेषा मोडा

धड्याचा आराखडा वरून खाली जातो. दालनात लोक डावीकडून, उजवीकडून, मधूनच, आणि बऱ्याचदा बाहेरच्या दारातून उलटे येतात. त्यामुळे आराखड्यातल्या कृती आता नकाशावर उतरवायच्या. डायग्राम्स डॉट नेटमध्ये जाळीची एक चौकट म्हणजे एक फूट धरा आणि खोली स्वतः टेप लावून मोजा. संग्रहालयाकडचा जुना नकाशा घेऊ नका. आमच्या नकाशात एक खांब नव्हता, आणि खांब मात्र खोलीच्या मधोमध होता.

भिंती-खांब एका थरात, कपाटं दुसऱ्यात, माणसं तिसऱ्यात. हो, माणसंही काढा. पायलीच्या टेबलाभोवती दहा गोल काढल्यावर कळलं की अकरावं मूल थेट तागडीच्या कपाटाला टेकतंय. चाळीसचा वर्ग एका वेळी आत येणारच नाही, वीस-वीसचे दोन गट लागतील, हे तिथे ठरलं. चाकाची खुर्ची गोल वळायला साधारण दीड मीटर मोकळी जागा लागते; तेवढ्या व्यासाचं एक वर्तुळ काढून प्रत्येक वळणावर सरकवून बघा.

उंचीसाठी स्वीट होम थ्रीडीत शिरा आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची बदला. पाचवीतल्या मुलाची नजर सव्वा मीटरच्या आसपास असते. आमच्या कपाटाची फळी त्या नजरेतून बघितली तर पायलीचा फक्त तळ दिसत होता. ही तक्रार नवी नाही. १९१६ साली बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आयव्हस गिलमन यांनी, वस्तू नीट दिसावी म्हणून पाहुण्याला किती वाकावं आणि बसावं लागतं याची छायाचित्रंच काढून छापली होती. शंभर वर्षांनंतरही आपण फळी सुताराच्या सोयीने ठोकतो.

सहावी पायरी : कच्चा नमुना आणि माझा सोनकिड्यांचा धडा

खरी बांधणी करण्याआधी पुठ्ठ्याची करा. लेबलं साध्या कागदावर छापून चिकटपट्टीने लावा, कपाटांच्या जागी टेबलं ठेवा, आणि शेजारच्या शाळेतली सात-आठ मुलं बोलवा. तुम्ही बोलायचं नाही. फक्त बघायचं आणि लिहायचं. हे फार अवघड आहे; मी दोनदा तोंड उघडलंच.

पडद्यावरचा एक खेळ आम्ही लुमीत बनवला, एचफाइव्हपीच्या 'ब्रँचिंग सिनॅरिओ' प्रकारात. त्यात प्रत्येक उत्तरागणिक गोष्ट वेगळ्या फांदीवर जाते. प्रसंग १९६० च्या बाजाराचा. आतापर्यंतचा शेर भरून मोजायचा होता, वजनाचा शेर निराळा. खेळात घेतला तो ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅमचा. दुकानदार म्हणतो, "शेराला एक रुपया भाव होता, आता किलोने विकतो, एक रुपया पंधरा नये पैसे." घ्यायचं, घासाघीस करायची, की पुढच्या दुकानात जायचं? हिशेब केला तर किलोला एक रुपया सात नये पैशांच्या आसपास पडायला हवेत. "माप बदललं की भाव लपवता येतो" हे मुलांनी आपणहून म्हटलं, तेव्हा आम्ही तो खेळ ठेवला. आधी बनवलेली जोड्या लावायची प्रश्नमंजूषा मात्र काढून टाकली. ती मुलं भराभर पुरी करायची आणि कपाटाकडे बघायचीच नाहीत.

खेळाच्या फांद्या कागदावर आधी काढा. तीन प्रश्न, प्रत्येकाला तीन उत्तरं, एवढ्यातच शेवट २७ होतात. फांद्या पुन्हा एकत्र आणून मिळवायच्या, नाहीतर लिहिता लिहिता दिवाळी येते.

आता चूक. मोजायच्या टेबलावर मी खरा जोंधळा ठेवला. हाताला छान लागतो, ओतताना आवाज येतो, शीग लावता येते. (मापाच्या काठावर धान्याचा जो शंकू उभा राहतो ती शीग, "उत्साह शिगेला पोहोचला" तो तिथूनच.) मुलं खूश. तीन आठवड्यांनी टेबलाच्या फटीत सोनकिडे. शेजारच्या कपाटात लाकडी अधोली होती. जपणूक बघणाऱ्या बाई मला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. धान्य त्याच दिवशी बाहेर गेलं, अधोली तपासून वेगळी ठेवली, आणि त्या जागी प्लास्टिकचे मणी आले. मणी तेवढे देखणे नाहीत, पण त्यांचीही शीग लागते. तक्त्यात "टेबलावर काय सांडेल?" असा रकाना तेव्हापासून आहे. खाण्याच्या, ओल्या, धुळीच्या कुठल्याही गोष्टीपुढे तिथे लाल खूण होते.

अस्सल माप मुलांच्या हातात द्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. प्रतिकृती गावातल्या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिरांकडून करून घेतल्या. दोन गावांचे दोन शेर मुद्दाम कमी-जास्त. संग्रहातल्या दोन खऱ्या शेरांत जवळपास मूठभराचा फरक होता, तोच ठेवला.

मराठी अक्षरांची परीक्षा

सॉफ्टवेअर कुठलंही निवडा, आधी त्यात ही ओळ टाकून बघा : "कुऱ्हाड, दऱ्या, दर्या, तऱ्हा, ॲल्युमिनियम, वाङ्मय, क्लिष्ट." ऱ्ह तुटला, ॲ च्या जागी चौकोन आला, किंवा जोडाक्षराचे पाय मोडून हलन्त दिसले, तर पुढे जाऊ नका. पडद्यावर बरोबर आणि छापताना मोडलेलं, असंही होतं, म्हणून एक पान छापूनच बघा. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये फलक करणार असाल तर 'वर्ल्ड-रेडी' परिच्छेदरचना चालू करावी लागते, नाहीतर जोडाक्षरं विस्कटतात. छापखान्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर आला की तो आधी रूपांतरित करून पुन्हा वाचून घ्या. रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या हमखास जागा बदलतात. फाँटच हवा असेल तर मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' मोफत मिळतो आणि दोन हातांवरून वाचता येतो.

उद्घाटनानंतर

खेळ किऑस्कवर (दालनात उभ्या केलेल्या पडद्याच्या मशीनवर) ठेवताना लुमीतून एचटीएमएल फाइल काढा आणि ती त्याच मशीनवर ठेवा, नेटवर नाही. नेट जातं, वीजही जाते, म्हणून तोच प्रसंग चार जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर छापून शेजारी ठेवा. कंपन्यांच्या धड्यांत कोण किती शिकलं याची नोंद स्कॉर्म नावाच्या ठरावीक पद्धतीने ठेवतात. येणाजाणाऱ्या पाहुण्यांना लॉगिन नसतं, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

नोंद हाताने घ्या. नकाशाच्या छापील प्रती, एक पेन्सिल, एक घड्याळ. दर दहाव्या पाहुण्याची वाट कागदावर काढायची, जिथे थांबला तिथे सेकंद लिहायचे. वीस-पंचवीस कागद झाले की कॅल्कमध्ये आराखड्यातली मिनिटं आणि खरी मिनिटं शेजारी-शेजारी टाका. आमच्या आराखड्यात तागडीला दोन मिनिटं होती. लोक थांबत होते बारा सेकंद. आणि बाजारभावाच्या कागदापुढे, जिथे आम्ही अर्धं मिनिट धरलं होतं, तिथे आजी-आजोबा नातवंडांना धरून उभे राहत होते. सोन्याचा भाव दिसला की थांबणारच. तोळ्याचा मूळ अर्थ ११.६६ ग्रॅम आणि आज सराफ तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा, ही ओळ आम्ही त्यांचं बोलणं ऐकून नंतर जोडली. तागडी मग त्या कागदाशेजारी हलवली.

शेवटच्या चार मिनिटांत मुलं एक चिठ्ठी लिहितात : घरी जाऊन आजीला विचार, तुमच्या गावात पायली केवढी होती, आणि पत्ता नको, फक्त गावाचं नाव लिही. चिठ्ठ्या परत येतात. काही गावांत मणाच्या पायल्या बारा, काही ठिकाणी सोळा. त्या तक्त्याच्या दुसऱ्या पानावर जातात, आणि दर सहा महिन्यांनी भिंतीवरचा नकाशा भरत जातो.

काम सोपवताना फाइल पेनड्राइव्हवर द्या, पण एक छापील प्रतही द्या : वाक्य, तीन उद्दिष्टं, दोन्ही आराखडे, वस्तूंचा तक्ता, दालनाचा नकाशा, खेळ पुन्हा सुरू कसा करायचा त्याच्या पाच ओळी. ती माणसांच्या हाताशी ठेवा, कार्यालयातल्या कपाटात नाही. आमची प्रत मोजणीच्या टेबलाच्या खणात आहे. मागच्या वेळी उघडून बघितली तर मावशींनी निळ्या शाईने माझ्या सराव-कृतीतली ८ मिनिटं खोडून ११ केली होती.